'चेक' या शब्दाचा माग: इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि मूळ कसे शोधावे

इंग्रजीतील 'चेक' हा शब्द मराठी बोलण्यात इतका रुळला आहे की तो परका असल्याची आठवणही होत नाही. यादी चेक करायची, चेकवर सही करायची, चेक्सचा शर्ट घालायचा आणि बुद्धिबळाच्या पटावर समोरच्याच्या राजाला चेक द्यायचा, ही चार वाक्ये एखादा माणूस एकाच दिवसात सहज बोलून जातो. मराठीत मात्र याच चार गोष्टींसाठी तपासणे, धनादेश, चौकडा आणि शह असे चार शब्द आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल अशी शंकाही येत नाही. मग इंग्रजीत एकाच शब्दाच्या पोटी हे चार अर्थ जमले कसे? की हे मुळात निराळे शब्द असून केवळ योगायोगाने एकसारखे ऐकू येतात?

असा प्रश्न इंग्रजीतील कोणत्याही बहुअर्थी शब्दाबद्दल पडू शकतो आणि त्याचे उत्तर शोधण्याची एक शिकता येण्याजोगी रीत आहे. ती रीत येथे 'चेक' या शब्दावर चालवून दाखवली आहे. हा शब्द निवडण्याचे कारण असे की त्याचा प्रवास चांगला नोंदला गेला आहे, त्यात फसव्या वाटाही पुष्कळ आहेत, आणि तो शेवटी मराठी माणसाच्या ओळखीच्या घरी येऊन पोहोचतो.

पहिली पायरी: कोश उघडण्याआधी अर्थांची पेटी भरावी

एक वही घ्यावी आणि शब्दकोशाला हात न लावता, तो शब्द जितक्या प्रकारे वापरलेला आठवतो तितकी पूर्ण वाक्ये लिहून काढावीत. सुटे अर्थ लिहू नयेत, कारण सुटा अर्थ हा आपण आधीच केलेला निवाडा असतो, तर वाक्य हा पुरावा असतो. 'चेक'च्या बाबतीत पेटीत साधारण पुढील माल जमतो: हिशेब पडताळणे, रागाला आवर घालणे, आजाराचा फैलाव रोखणे, बुद्धिबळातील शह, बँकेचा धनादेश, चौकड्यांचे कापड, यादीतील बाबीपुढे केलेली बरोबरची खूण, उपाहारगृहातील बिल, सामान ठेवून घेताना दिलेला बिल्ला, बर्फावरच्या हॉकीत प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवणे, आणि पत्त्यांच्या पोकर खेळात पैसे न लावता आपली पाळी पुढे ढकलणे.

यांतील बिल आणि बरोबरची खूण हे अर्थ प्रामुख्याने अमेरिकी इंग्रजीतील आहेत. ब्रिटिश इंग्रजीत त्यांना अनुक्रमे 'बिल' आणि 'टिक' म्हणतात. अशी प्रादेशिक खूण प्रत्येक वाक्यापुढे लगेच करून ठेवावी, कारण कोणता अर्थ अटलांटिकच्या कोणत्या काठावर वाढला, हे पुढे तारखा लावताना उपयोगी पडते.

येथे मराठी वाचकाने एक खबरदारी घ्यायला हवी. देवनागरीत 'चेक' एकाच प्रकारे लिहिला जातो. इंग्रजीत मात्र तपासण्याच्या 'चेक'च्या शेवटी 'सी-के' असते आणि ब्रिटिश पद्धतीच्या धनादेशाच्या 'चेक'च्या शेवटी 'क्यू-यू-ई' असते. मध्य युरोपातील चेक लोकांच्या नावाचे लेखन तर आणखीनच वेगळे, 'सी-झेड'ने सुरू होणारे आहे. आपली लिपी उच्चाराशी प्रामाणिक असल्यामुळे हे सगळे भेद पुसून टाकते. म्हणून वहीत प्रत्येक वाक्यासमोर इंग्रजी स्पेलिंगही नोंदवावे.

दुसरी पायरी: योग्य कोश निवडावा आणि नोंद वाचायला शिकावे

शब्दकोश दोन जातींचे असतात. एक जात आज सर्वांत जास्त चालणारा अर्थ आधी देते. शिकणाऱ्यांसाठीचे बहुतेक कोश असे असतात. दुसरी जात सर्वांत जुना अर्थ आधी देते आणि प्रत्येक अर्थाखाली त्या त्या काळातील लिखित वाक्ये तारखेसह मांडते. मूळ शोधण्यासाठी ही दुसरी जात लागते. तिचा सर्वांत मोठा नमुना म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. तिचा विचार १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत सुरू झाला, पहिला भाग जेम्स मरे यांच्या संपादनाखाली १८८४ मध्ये निघाला आणि मूळ प्रकल्प १९२८ मध्ये पूर्ण झाला. मध्ययुगीन इंग्रजीपुरता मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश डिक्शनरी हा कोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. मराठी शब्दांची बाजू तपासायला मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश हाताशी असावा. त्याची दुसरी आवृत्तीही योगायोगाने १८५७ चीच आहे आणि फारसी, अरबी, संस्कृत अशा मुळांसाठी त्यात शब्दांपुढे अक्षरखुणा दिलेल्या असतात.

मोठ्या ऐतिहासिक कोशात 'चेक' उघडला की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की तेथे एक नोंद नसून अनेक नोंदी आहेत आणि त्यांना एक, दोन असे क्रमांक दिलेले आहेत. हे क्रमांक सर्वांत महत्त्वाचे असतात. एका क्रमांकाखालील सगळे अर्थ एकाच शब्दाच्या वाढीतून झाले, तर वेगळा क्रमांक म्हणजे वेगळ्या वाटेने आलेला शब्द, असे संपादकांचे मत असते. शह, अटकाव आणि तपासणी हे अर्थ एका नोंदीत सापडतात. कापडावरचा चौकडा दुसऱ्या नोंदीत असतो. पेटीतील वाक्यांचे ढीग आता याप्रमाणे वेगळे करावेत.

तिसरी पायरी: तारखा लावाव्यात, पण त्यांच्यावर फाजील विश्वास ठेवू नये

प्रत्येक अर्थापुढे कोशातील सर्वांत जुने साल लिहावे आणि ढीग त्या क्रमाने मांडावा. 'चेक'चा क्रम स्थूलमानाने असा लागतो. बुद्धिबळातील शह हा अर्थ चौदाव्या शतकात इंग्रजीत दिसतो आणि त्याच शतकात अचानक झालेला अडथळा, फटका, रोख हे अर्थ त्याला चिकटतात. पडताळून पाहणे हा अर्थ मात्र सतराव्या शतकाच्या अखेरीस येतो. कागदाचा पडताळणीसाठी राखलेला तुकडा या अर्थी 'चेक' अठराव्या शतकाच्या सुरुवातीस दिसतो, आणि बँकेला पैसे देण्याचा आदेश हा अर्थ त्याच शतकात पुढे स्थिर होतो.

म्हणजे आज सर्वांत जास्त ऐकू येणारा 'तपासणे' हा अर्थ शहापेक्षा सुमारे तीनशे वर्षांनी धाकटा आहे. एवढी एक गोष्ट कळली तरी निम्मे काम झाले असे समजावे, कारण नवखा माणूस नेमके उलट गृहीत धरतो: मूळ अर्थ तपासणे, आणि बुद्धिबळात राजा सुरक्षित आहे का ते 'तपासायला' सांगतात म्हणून तेथे 'चेक'! ऐकायला हे पटण्याजोगे आहे आणि पूर्ण चुकीचे आहे.

साल वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कोशातील साल हे शब्दाच्या जन्माचे नसून तो कागदावर प्रथम सापडल्याचे असते. बोलण्यात तो त्याआधी असणारच. दुसरे म्हणजे वस्तू आणि तिचे नाव एकाच दिवशी जन्मत नाहीत. लंडनच्या क्लेटन अँड मॉरिस या पेढीवर काढलेला १६५९ सालचा हस्तलिखित धनादेश आजही प्रसिद्ध आहे, पण त्या काळी अशा कागदाला 'चेक' हे नाव मिळालेले नव्हते.

चौथी पायरी: ध्वनींच्या वाटेने मागे जावे

आता शब्द इंग्रजीच्या पलीकडे न्यायचा. कोशातील व्युत्पत्ती उलट्या क्रमाने दिलेली असते: इंग्रजी 'चेक', त्यामागे जुनी फ्रेंच 'एशेक', त्यामागे मध्ययुगीन लॅटिन 'स्काकुस', त्यामागे अरबीतून आलेला फारसी 'शाह', म्हणजे राजा. ही साखळी नुसती उतरवून घेणे पुरेसे नाही; प्रत्येक कडीत ध्वनी का बदलला याचे कारण विचारले पाहिजे, आणि ते कारण त्या एका शब्दापुरते नसावे.

'शाह'चा 'स्काकुस' कसा झाला? लॅटिनमध्ये 'श' हा स्वतंत्र ध्वनी नव्हता, त्यामुळे तो जवळच्या जोडाक्षराने लिहिला गेला आणि शेवटचा हकार 'क'सारखा ऐकला गेला. स्वित्झर्लंडमधील आइनझिडेल्न येथील मठात दहाव्या शतकाच्या अखेरीची बुद्धिबळावरची लॅटिन पद्यरचना मिळाली आहे आणि तिच्या शीर्षकातच हा शब्द आहे, म्हणजे ही कडी कागदावर दाखवता येते.

'स्काकुस'चे 'एशेक' होण्यामागे फ्रेंचच्या दोन सवयी आहेत. शब्दाच्या आरंभी सकारयुक्त जोडाक्षर आले की फ्रेंच बोलणारे त्याच्या आधी 'ए' लावत. जीभ असे का करते हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. 'इस्कूल' आणि 'इस्टेशन' म्हणणारी जीभ हेच करते. दुसरी सवय अशी की लॅटिनमधील 'का' फ्रेंचमध्ये 'च'कडे आणि पुढे 'श'कडे सरकला. 'मांजर' या अर्थाच्या लॅटिन 'कात्तुस'चे आजच्या फ्रेंचमध्ये 'शा' झाले ते याच नियमाने. इंग्रजीने हा शब्द घेतला तेव्हा फ्रेंचमध्ये अजून 'च' होता, म्हणून इंग्रजीत 'च' राहिला. पुढे इंग्रजीने आरंभीचा 'ए' गाळून टाकला. हेही एकाकी उदाहरण नव्हे: 'इस्टेट' आणि 'स्टेट', 'एस्क्वायर' आणि 'स्क्वायर' या जोड्यांत हाच प्रकार घडलेला आहे.

याच टप्प्यावर एक बक्षीस हाती लागते. जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक'चे अनेकवचन होताना शेवटचा 'क' गळून पडे. ते अनेकवचन इंग्रजीत आले आणि त्याचे झाले 'चेस'. म्हणजे बुद्धिबळाचे इंग्रजी नाव हे 'चेक'चेच अनेकवचन आहे. खेळाचे नाव 'शहा' किंवा 'राजे' असे म्हटल्यासारखे.

आणखी मागे जायचे असेल तर फारसीच्या पोटात शिरावे लागते. पहिल्या दारयवहुशाने, म्हणजे दारायसने, इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास इराणमधील बेहिस्तून येथील कड्यावर जो लेख कोरवला, त्यात तो स्वतःला 'ख्शायथिय ख्शायथियानाम्', राजांचा राजा, म्हणवतो. 'शाह' हे त्या 'ख्शायथिय'चे झिजलेले रूप आणि 'शहेनशहा' हे त्या संपूर्ण बिरुदाचे. शेवटचे '-आनाम्' संस्कृतातील 'देवानाम्'ची आठवण करून देते ते उगाच नाही. जुनी फारसी आणि संस्कृत या बहिणी आहेत. 'ख्शाय्' म्हणजे सत्ता चालवणे, आणि त्याचे संस्कृत भावंड म्हणजे 'क्षि' हा सत्ता गाजवण्याच्या अर्थाचा धातू. 'क्षत्र' आणि 'क्षत्रिय' हे शब्द त्याच कुळातले. जुन्या फारसीत 'क्षत्र'चे जे जुळे रूप होते त्याचा अर्थ राज्य, आणि त्याच्यापासून फारसी 'शहर' झाले. तेव्हा मराठीतील शह, शहर, बादशहा आणि क्षत्रिय हे सारे इंग्रजी 'चेक'चे दूरचे किंवा जवळचे नातेवाईक ठरतात. बहीण आणि आई यांत मात्र गल्लत करू नये. 'शाह' संस्कृतातून निघालेला नाही. दोघींचे मूळ त्यांच्याही आधीच्या भाषेत आहे.

पाचवी पायरी: अर्थांमधले पूल बांधावेत

ध्वनींची साखळी जुळली तरी राजापासून तपासणीपर्यंत अर्थ कसा सरकला हे त्यातून कळत नाही. त्यासाठी लगतच्या दोन अर्थांमध्ये एक असे वाक्य रचून पाहावे की ज्यात शब्दाचा जुना आणि नवा, दोन्ही अर्थ बसतात. असे वाक्य जमले तर तो पूल. जमले नाही तर मधली एखादी कडी हरवली आहे असे समजून कोशातील उदाहरणे पुन्हा वाचावीत.

पहिला पूल सोपा आहे. शतरंज खेळणारा राजावर हल्ला होताच 'शाह' असे म्हणून प्रतिस्पर्ध्याला सावध करी. म्हणजे हाक राजाच्या नावाची, पण तिचा परिणाम असा की समोरच्याला मनातली चाल सोडून द्यावी लागते. राजाचे नाव असे अडवणुकीचे नाव झाले. इंग्रजी कवी चौसरने 'द बुक ऑफ द डचेस' या चौदाव्या शतकातील काव्यात नियतीच बुद्धिबळ खेळून एका शूराला शह आणि मात देते असे वर्णन केले आहे. तेथे शब्द पटावरचा आहे आणि घाव आयुष्यावरचा. हा पूल मराठीनेही स्वतंत्रपणे ओलांडलेला आहे. राजकारणात एकाने दुसऱ्याला शह दिला, मग शह-काटशहाचे डाव रंगले, असे लिहिताना आपल्या डोळ्यांपुढे पट नसतोच. एकाच खेळातून दोन भाषांनी एकच रूपक उचलले, तेही एकमेकींना न विचारता. हिंदीत मात्र 'शह देना' याचा एक अर्थ चिथावणी देणे, पाठबळ देणे असा होतो, त्यामुळे हिंदी वाचताना जपावे.

दुसरा पूल अटकावापासून नियंत्रणाकडे जातो. एकदाच बसलेला फटका हा अडथळा. तोच कायमचा लावून ठेवला की झाला आवर. राज्यसंस्थेच्या अंगांनी परस्परांवर ठेवलेल्या अंकुशांसाठी 'चेक्स अँड बॅलन्सेस' हा शब्दप्रयोग अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेच्या चर्चेसोबत रूढ झाला; त्यात 'चेक' म्हणजे तपासणी नव्हे, अंकुश. मराठीत त्याचे 'तपासण्या आणि समतोल' असे भाषांतर कोणी केले तर पाचवी पायरी गाळली गेली आहे असे खुशाल समजावे.

तिसरा पूल सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत सुंदर आहे: आवर घालण्यापासून पडताळण्यापर्यंतचा. लबाडीला आवर घालायचा तर हिशेबाची दुसरी प्रत ठेवायची आणि दोन्ही समोरासमोर ठेवून पाहायच्या. 'ही दुसरी वही कारकुनावर चेक म्हणून ठेवली आहे' या वाक्यात अंकुश आणि पडताळणी दोन्ही बसतात, आणि पूल उभा राहतो. याच्या खरेपणाची एक वेगळी साक्षही काढता येते. इंग्रजी 'कंट्रोल' हा शब्द मध्ययुगीन लॅटिन 'कोन्त्रारोतुलुस' यापासून आला आहे. त्याचा अर्थ पडताळणीसाठी ठेवलेली हिशेबाची दुसरी गुंडाळी. म्हणजे 'कंट्रोल' पडताळणीकडून नियंत्रणाकडे गेला आणि 'चेक' नियंत्रणाकडून पडताळणीकडे आला. दोन वाटसरू एकाच पुलावरून विरुद्ध दिशांनी गेले, तर तेथे पूल आहे याबद्दल शंका राहत नाही. अशी उलट दिशेची जोडी शोधणे ही या कामातली माझी आवडती युक्ती आहे.

पुढचे पूल भराभर ओलांडता येतात. पडताळणी झाली याची खूण म्हणजे चेक. पडताळणीसाठी दिलेला बिल्ला, ठेवपावती, बिल म्हणजेही चेक. बनावट कागदाला पायबंद म्हणून राखलेला स्थळप्रतीचा तुकडा चेक, मग असा तुकडा जोडलेला छापील कागद चेक, आणि शेवटी तो आदेशच चेक.

सहावी पायरी: दुसरी वाट विसरू नये

कापडाचा ढीग अजून तसाच पडला आहे. चौकड्यांचा 'चेक' शहातून निघालेला नाही, तो पटातून निघाला आहे. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला 'एशेकिए' म्हणत. इंग्रजीत त्याचा 'चेकर' झाला, पटासारख्या चौकड्यांना तेच नाव मिळाले, आणि ते आखडून कापडापुरता 'चेक' उरला. अमेरिकेत ज्या खेळाला 'चेकर्स' म्हणतात, तोही हाच पट. तेव्हा तपासनीस या अर्थाचा 'चेकर' आणि चौकड्यांचा 'चेकर' हे दिसायला एक असले तरी घडणीने दोन आहेत. पहिला 'चेक' या क्रियापदाला प्रत्यय लागून झाला आणि दुसरा फ्रेंचमधून अखंड आला. राजा दोघांच्याही मुळाशी आहे, एवढेच काय ते समान.

या दुसऱ्या वाटेवरचे सर्वांत मोठे गाव म्हणजे 'एक्सचेकर', इंग्लंडच्या राजाचा खजिना. तेथे थांबलेच पाहिजे, कारण खेळाचा पट सरकारी तिजोरीत गेला कसा हे आपल्याला त्या तिजोरीच्या माणसानेच लिहून ठेवले आहे. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकाच्या अखेरीस खजिन्याच्या कारभाराविषयी लॅटिनमध्ये एक संवादग्रंथ रचला. त्यात तो सांगतो की हिशेबाचे मेज सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असे, वरचे काही खाली पडू नये म्हणून त्याला चार बोटे उंचीची कड असे आणि त्यावर रेघा आखलेले काळे कापड अंथरलेले असे. रेघांमधल्या रकान्यांत पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शेकडा, हजार अशी घरे मानून त्यांत मोजणीच्या चकत्या मांडत. रोमन आकड्यांत शून्य नाही आणि त्या आकड्यांनी बेरीज-वजाबाकी करणे म्हणजे जिकिरीचे काम. पटावर मात्र चकती या घरातून त्या घरात सरकवली की झाले. परगण्यांचे शेरीफ, म्हणजे राजाचे वसुली करणारे अधिकारी, वर्षातून दोनदा, ईस्टर आणि मायकेलमस (सप्टेंबरअखेरचा सण) या वेळी, हिशेब द्यायला येत. फिट्झनील म्हणतो की पटावर जशी दोन राजांची लढाई होते तशी या मेजावर खजिनदार आणि शेरीफ यांची होते. या कारभाराची उरलेली सर्वांत जुनी वार्षिक हिशेबगुंडाळी ११३० सालची आहे. मेज गेले, चकत्या गेल्या, पण ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चान्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणवतो.

'एक्सचेकर'मधला 'एक्स' मुळात नव्हताच. पुढच्या काळातील विद्वानांना वाटले की फ्रेंच 'एस' हा लॅटिन 'एक्स'चा अपभ्रंश असणार, म्हणून त्यांनी तो 'दुरुस्त' केला. शब्दाचे स्पेलिंग शिक्षित माणसेही बिघडवू शकतात याचा हा नमुना आहे. धनादेशाच्या ब्रिटिश स्पेलिंगमधला 'क्यू' याच 'एक्सचेकर'च्या सावलीत आला. अमेरिकेने साधे 'सी-के'चे स्पेलिंग राखले. दोन्ही वाटा वेगळ्या निघून येथे पुन्हा स्पेलिंगपुरत्या एकत्र येतात.

सातवी पायरी: भावंडांना साक्षीला बोलवावे

आता शेजारच्या भाषा पाहाव्यात. जर्मनमध्ये बुद्धिबळ 'शाख', इटालियनमध्ये शह 'स्काक्को', रशियनमध्ये खेळ 'शाखमाती'. फ्रेंचमध्ये 'एशेक'चा आजचा अर्थ अपयश. तेथे रूपक हरणाऱ्याच्या बाजूने वाढले, इंग्रजीत अडवणाऱ्याच्या बाजूने. स्पॅनिश मात्र वेगळे सांगते: तेथे शहाला 'खाके', पण खेळाला 'अखेद्रेस' म्हणतात, आणि हे नाव अरबी 'अश-शतरंज'मार्गे थेट संस्कृत 'चतुरंग'पर्यंत जाते. खेळ एक, पण युरोपच्या एका भागाने त्याला राजाचे नाव दिले आणि दुसऱ्याने सैन्याच्या चार अंगांचे. साक्षीदारांत असा फरक दिसला की तो लपवू नये, नोंदवावा.

आठवी पायरी: फसव्या वाटा बंद कराव्यात

सारखेपणा हा पुरावा नव्हे. चेक लोकांचे नाव त्यांच्या स्वतःच्या भाषेतील 'चेख' या नावावरून, पोलिश पद्धतीच्या स्पेलिंगने इंग्रजीत आले. त्याचा पटाशी काही संबंध नाही. 'चेकमेट'मधला 'मेट' हा मित्र या अर्थाचा 'मेट' नव्हे, तर 'शाह मात'मधला 'मात' आहे. मराठीच्या अंगणातही असेच फसवे शब्द फिरतात: 'शहाणा' हा शब्द शहापासून नसून संस्कृत 'सज्ञान'पासून आला आहे, आणि 'शाहीर' हा अरबी 'शाइर', म्हणजे कवी, याचे रूप आहे, त्यात शाही काही नाही.

'मात' हा शब्द तर पुरता मोहात पाडतो. 'मात' आणि 'मृत' यांचा ध्वनी जवळचा, अर्थही जुळतो. मग नाते का नसावे? नाही, कारण अरबी 'माता', म्हणजे मेला, हे सेमिटिक कुळातील क्रियापद आहे आणि 'मृ' हा इंडो-युरोपीय धातू. आता 'शाह मात' म्हणजे 'राजा मेला' हे अरबी स्पष्टीकरण घ्यावे, की 'राजा हतबल झाला' हे फारसी 'मात'वर आधारलेले घ्यावे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मला दुसरे अधिक पटते, कारण या खेळात राजा मारला जात नाही, तो फक्त कोंडला जातो. पण पटणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे.

अक्षरे फोडून सांगितलेली व्युत्पत्ती आली तर ती आधी संशयाच्या खणात टाकावी. 'न्यूज' म्हणजे इंग्रजीतील उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण या दिशांची आद्याक्षरे, ही त्यातली नामांकित गोष्ट. खरे तर तो 'न्यू', म्हणजे नवे, याचाच विस्तार आहे. आद्याक्षरांतून शब्द घडवण्याची चाल विसाव्या शतकापूर्वी फार दुर्मीळ होती, त्यामुळे मध्ययुगीन शब्दाची अशी फोड समोर आली तर ती बहुधा मागाहून रचलेली असते.

नववी पायरी: टिपण लिहावे

सगळे जमले की एकच पान लिहावे, त्याहून जास्त नाही. मधोमध फारसी 'शाह' लिहून दोन फाटे काढावेत: एका फाट्यावर शह, अटकाव, अंकुश, पडताळणी, खूण आणि धनादेश, दुसऱ्या फाट्यावर पट, चौकडा आणि 'एक्सचेकर'. प्रत्येक बाणावर शतक लिहावे आणि बाणाखाली पुलाचे वाक्य. ज्या बाणाला वाक्य सापडले नाही तो तुटक रेघेने काढावा. फाट्यांच्या बाहेर, कोपऱ्यात, फेटाळलेल्या शब्दांची नावे कारणासह लिहून ठेवावीत, कारण तीच शंका पुढच्या वर्षी पुन्हा येते. आणि 'मात'समोर दोन ओळींची जागा सोडावी, एक अरबीसाठी आणि एक फारसीसाठी.